विश्लेषण : पहिले भारतीय अँग्लिकन बिशप अझारिया कोण होते? चर्चच्या कारभारात त्यांनी काय बदलले?

वेदनायगम सॅम्युअल अझारिया १९१२मध्ये बिशप झाले, तेव्हा भारतातील अँग्लिकन चर्चचे बाकी सगळे बिशप युरोपीय होते. १९४५मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही स्वतंत्र धर्मप्रांत सांभाळणारे ते एकमेव भारतीय अँग्लिकन बिशप होते. त्यांचा हा प्रवास कसा झाला?

बिशपपदाला एवढे महत्त्व का?

अँग्लिकन चर्चमध्ये डिकन, प्रेस्बिटर म्हणजे धर्मगुरू आणि बिशप अशी तीन पदे असतात. नव्या धर्मगुरूला दीक्षा देण्याचा अधिकार फक्त बिशपला असतो. धर्मप्रांताच्या कारभाराची अंतिम जबाबदारीही त्याचीच. त्यामुळे भारतीय धर्मगुरूंची संख्या वाढली, तरी त्यांना निवडण्याची आणि नेमण्याची सूत्रे युरोपीय हातांतच राहत. मुंबईसारख्या ठिकाणच्या बिशपची नेमणूक तर थेट ब्रिटिश राजसत्ता करत असे.

अझारिया इथवर कसे पोहोचले?

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली भागातील वेल्लाळनविळै या गावी झाला. वडील गावचे धर्मगुरू होते. मद्रासमधील शिक्षणानंतर अझारिया वायएमसीएचे काम करू लागले. भारतीयांचा पैसा आणि भारतीयांचेच व्यवस्थापन या तत्त्वावर १९०३मध्ये इंडियन मिशनरी सोसायटी आणि १९०५मध्ये नॅशनल मिशनरी सोसायटी उभी राहिली. या दोन्हींच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९०९मध्ये ते निजामाच्या हैदराबाद संस्थानातील डोर्नकलला गेले आणि तेलुगू शिकून कामाला लागले.

एडिंबरोत काय घडले?

१९१०च्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. परदेशी मिशनरी भारतीयांसाठी कष्ट आणि त्याग करतात, मात्र त्यांना बरोबरीचे मित्र मानत नाहीत, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. सभागृहात अस्वस्थता पसरली.

नेमणुकीला विरोध कोणाचा होता?

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी अझारिया यांचे नाव लावून धरले. युरोपीय धर्मगुरू भारतीय वरिष्ठाचे ऐकतील का, अशी शंका अनेक मिशनऱ्यांना होती. काही भारतीय ख्रिस्ती मंडळींनीही विरोध केला. अखेर २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये त्यांचा अभिषेक झाला.

अधिकार हाती आल्यावर त्यांनी काय केले?

सुरुवातीला त्यांच्याकडे छोटासा धर्मप्रांत होता. पुढे त्यात आंध्रचा मोठा तेलुगू भाग जोडला गेला. तेथील बहुसंख्य ख्रिस्ती माला आणि मादिगा या दलित समाजांतले होते. अझारिया यांनी गावोगाव फिरून याच लोकांमधून शिक्षक आणि धर्मगुरू घडवले. १९२४मध्ये धर्मप्रांतात ८ इंग्रज आणि ५३ भारतीय धर्मगुरू होते. १९३५पर्यंत भारतीय धर्मगुरूंची संख्या सुमारे २५० झाली. गावांतील शिक्षक दोन हजारांहून अधिक होते. दरम्यान, १९२७च्या इंडियन चर्च कायद्यानंतर १९३०मध्ये भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले.

चर्च एकीकरणात पेच कोणता होता?

मे १९१९मध्ये तरंगंबाडी येथे वेगवेगळ्या चर्चचे ३३ प्रतिनिधी जमले. दोघे वगळता सगळे भारतीय होते. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या जुन्या वादांपायी भारतातील ख्रिस्ती का विभागले जावेत, हा त्यांचा मुद्दा होता. अँग्लिकनांना बिशप हवेच होते. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरांत मात्र बिशपच नव्हते. बिशपांविना दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूंचे काय करायचे, यावर वाटाघाटी जवळपास तीन दशके चालल्या.

अखेर तडजोड झाली. बिशपपद राहील, पण ते संविधानाच्या चौकटीत. कारभारात धर्मगुरू आणि सामान्य सभासदांच्या प्रतिनिधींनाही वाटा मिळेल. आधीच्या धर्मगुरूंना पुन्हा दीक्षा घ्यावी लागणार नाही.

अझारिया यांना ते पाहता आले का?

नाही. १ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकलमध्ये त्यांचे निधन झाले. चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये झाली. उत्तरेतील चर्चनी पुढे हाच मार्ग धरला आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. महाराष्ट्रातील अँग्लिकन परंपरेची चर्च आज त्याच्याच कारभाराखाली आहेत.