पंडिता रमाबाई आणि उद्याची भाकरी

(बी. ए. द्वितीय वर्ष, वडवणी)

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव नावाचे स्टेशन आहे. आमच्या वडवणी तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात, त्यांतील कित्येकांना दौंड-बारामतीचा तो मुलूख पाठ आहे. परंतु त्याच केडगावच्या माळावर एका विधवा बाईने शेकडो आणि पुढे जवळजवळ दोन हजार निराधार स्त्रिया-मुलींना पोसले, आणि तेही महिन्याकाठी ठरलेले उत्पन्न हाती नसताना, ही गोष्ट आमच्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. शाळेच्या पुस्तकात पंडिता रमाबाई दोन-चार ओळींत येऊन जातात. थोर विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, एवढे पाठ केले की मार्क मिळतात. त्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल पुस्तके जरा अवघडल्यासारखी गप्प बसतात, कारण त्या ख्रिस्ती झाल्या. मला तर त्यांचे तेच आयुष्य अधिक विचार करण्यासारखे वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकविले, आणि त्या काळी हा केवढा अपराध मानला गेला असेल याची कल्पना आपणांस करता येईल. लहानग्या रमेला आईनेच संस्कृत शिकविले. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांत पुराण सांगत देशभर फिरू लागले. जे मिळे त्यावर गुजराण करायची आणि दानधर्मही करायचा, असा शास्त्रीबुवांचा शिरस्ता होता. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे पैसे संपले, भांडी गेली, दागिने गेले. देवाला कौल लावून झाले, उपासतापास झाले, अनुष्ठाने झाली. अंगमेहनतीचे काम करायची सवय नव्हती आणि कुळाचा अभिमान आडवा येत होता. रानातला पाला आणि फळे खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमा.

इथे मला माझ्या आजीची आठवण येते. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती, आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव अजून सांगते. आमच्या घरी पंढरीची वारी आहे. पाऊस पडला की पांडुरंगाची कृपा, असे सहज तोंडात येते. पण पाऊस पडला नाही तर काय म्हणायचे? हा प्रश्न दुष्काळी मुलखातल्या माणसाला पडल्यावाचून राहत नाही. रमाबाईंना तो वयाच्या सोळाव्या वर्षी पडला. इतकी व्रते करणारे, इतके दान देणारे आपले आईवडील उपाशी का मेले, याचे उत्तर त्यांना तोंडपाठ असलेल्या हजारो श्लोकांत मिळाले नाही.

बहीणभाऊ पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद ठेवला. १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. सिल्चरला दोघांचा संसार जेमतेम दीड वर्ष चालला. १८८२ च्या आरंभी पती पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. ख्रिस्ताशी पहिली ओळख झाली ती अशी.

पुण्यास आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. हे सारे १८८२ या एकाच वर्षात! १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इच्छेने त्या विलायतेस गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो विचार सोडावा लागला. वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! जोतीराव फुल्यांसारखे मोजके लोक सोडले तर त्यांची बाजू घेणारे कोणी राहिले नाही. यामागे लोभ होता, असे म्हणणारे आजही भेटतात. अशा लोकांनी लंडनजवळच्या फुलहॅमची हकीकत अवश्य वाचावी. समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी तेथे मठातील भगिनी एक आश्रम चालवीत. या बायकांना कोणी हाकलत नाही, उलट त्यांची शुश्रूषा होते, हे पाहून रमाबाई चकित झाल्या. ज्यांच्या सावलीलाही लोक उभे राहत नाहीत त्यांची सेवा कशासाठी, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. कृपा ही पुण्य साठवून मिळवायची वस्तू नाही, ती रिकाम्या हाताला मिळते, हा विचार रमाबाईंच्या मनात तेथे रुजला. वडिलांनी आयुष्यभर पुण्य जोडले होते. लेकीला त्या हिशेबाबाहेरचे काहीतरी दिसले.

अर्थात रुजलेले बी लगेच उगवले नाही. बाप्तिस्मा घेऊनही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असे पुढे कित्येक वर्षे त्यांना वाटत राहिले. १८९० नंतरच्या काळात, एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचून आणि स्वतः बायबलचा शोध घेऊन, केवळ कृपेवर भार टाकण्याचा त्यांचा निश्चय झाला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे सारे प्रांजळपणे लिहिले आहे. एवढ्या मोठ्या पंडितेने, आपण इतकी वर्षे ख्रिस्ती असूनही रितेच होतो, असे जाहीर सांगावे, हे धैर्य मला त्यांच्या पदव्यांपेक्षा मोठे वाटते.

मधल्या काळात अमेरिकेत व्याख्याने देऊन आणि पुस्तक लिहून त्यांनी पैसा उभा केला. बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. बालविधवा तेथे शिकू लागल्या. धोंडो केशव कर्वे यांच्याशी ज्यांचा १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला त्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी. त्याच वर्षी मुली धर्मांतर करू लागल्याची ओरड झाली, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी बऱ्याच मुली परत नेल्या. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असे सुरुवातीस सांगितले गेले होते, हे लक्षात घेता सल्लागारांच्या नाराजीत काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. रमाबाईंचे म्हणणे असे की, माझ्या खोलीत मी प्रार्थना करते, दार उघडे असते, कुणी येऊन बसले तर मी हाकलणार नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या, असे मला वाटते.

खरी कसोटी १८९६ मध्ये आली. मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे रानातले दिवस आठवले. सदनाचा पैसा पन्नासेक मुलींपुरता होता. तरीही त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. यांना काय घालायचे, हा प्रश्न त्यांना पडला नसेल असे नाही. व्यवहारी माणूस म्हणेल, आधी धान्य जमवा, मग माणसे आणा. त्यांनी आधी माणसे आणली. त्यातच पुण्यात प्लेग आला आणि इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. शारदा सदन स्वावलंबी व्हावे म्हणून केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली होती. त्या उघड्या माळावर झोपड्या पडल्या. १८९८ मध्ये ‘मुक्ती’ची इमारत झाली, आणि नेमकी त्याच वर्षी अमेरिकेच्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत संपली.

यापुढची वीस-पंचवीस वर्षे पाठीशी ठराविक देणगीदार नाही, कुठल्या मिशनचे मंडळ नाही, स्वतःला पगार नाही. गरज प्रार्थनेत मांडायची आणि टपालाने येईल त्यावर दिवस काढायचा. मनिऑर्डर कधी परदेशातून येई, कधी कुणा अनोळखी माणसाकडून. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर पंक्तीला दोन हजारांच्या आसपास माणसे बसू लागली. ज्या घरात पाच ताटांची भ्रांत असते त्या घरातल्या माणसालाच हा आकडा नीट कळेल. त्या दुष्काळाची एक हकीकत सांगतात. मुक्तीच्या दोन विहिरी मोटेने उपसून रोज संध्याकाळी तळाला जात आणि सकाळी पुन्हा पुरेसे पाणी आलेले असे. कुणी याला झऱ्याचा गुण म्हणेल. रमाबाईंच्या लेखी झरा आणि कृपा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

देवावर भार टाकणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा आपला एक समज असतो. केडगावात तसे काही दिसत नव्हते. नव्या विहिरी खोदल्या जात होत्या. मुली शेत करीत, मागावर कापड विणीत, तेल गाळीत, गाई सांभाळीत, छापखान्यात खिळे जुळवीत. वडिलांच्या घरी ज्या अंगमेहनतीची लाज वाटली होती, तीच येथे रोजचा नेम झाली. अंध स्त्रियांसाठी वेगळी सोय होती. आणि फसवल्या गेलेल्या, घराने टाकलेल्या बायकांसाठी जे घर उभे राहिले त्याचे नाव ठेवले कृपा सदन. फुलहॅममध्ये विचारलेल्या प्रश्नाला सोळा-सतरा वर्षांनी त्यांनी दगडमातीत दिलेले हे उत्तर होते.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठी धार्मिक जागृती झाली, तिची माहिती जिज्ञासूंनी इतरत्र पाहावी. त्या सुमारासच रमाबाईंनी सारे बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. खेड्यातल्या बाईला समजावे म्हणून त्यांनी पंडिती शब्द कटाक्षाने टाळले. त्या भाषांतराचे मराठी रुक्ष आहे, असे जाणकार म्हणतात आणि ते खोटे नाही. पण जिला संस्कृत मातृभाषेसारखे येत होते तिने ते बाजूला ठेवले, हेही पाहिले पाहिजे.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. शाळा, पत्रव्यवहार, हिशेब, सारा भार तिच्यावर होता. आपल्या बीडप्रमाणेच तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यास मुलींची शाळा उभी करण्यातही तिचा हात होता. आपल्यामागे हीच सारे पाहील, असा आईचा भरवसा. चाळिसाव्या वर्षी ती गेली. आईबाप, भाऊ, बहीण, पती आणि आता एकुलती एक मुलगी. कृपेवर विश्वास टाकणाऱ्याच्या घरी मरण येत नाही, असे रमाबाईंनी कधीच मानले नव्हते, नाहीतर त्या या दिवशी कोसळल्या असत्या. त्या ऐकू कमी येणाऱ्या, थकलेल्या बाईने पुन्हा मुद्रिते तपासायला घेतली.

५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्यांचे देहावसान झाले. भाषांतर तोवर हातावेगळे झाले होते. दुष्काळातून आणलेल्या, केडगावला आल्यावर अक्षरओळख झालेल्या बायकांच्या छापखान्यातून ते १९२४ साली पुरे होऊन बाहेर पडले.