शाळा मुलांच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई

मेळाव्याच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा संपादक मंडळाने विषय आमच्यावरच सोडला होता. आपल्या गुरुजनांविषयी, सहलींविषयी, मैदानावरच्या कडुलिंबाविषयी इतर जण लिहितीलच. मी गेली काही वर्षे कुरुळीत कामगारांच्या मुलांसाठी छोटा बालवर्ग चालवते. म्हणून ज्यांना मी कधी पाहिले नाही, पण ज्यांनी घालून दिलेल्या वाटेवर रोज चालते, त्या ताराबाई मोडक यांच्याविषयी लिहिते. शेवटी आपल्या शाळेच्या शिशुवर्गाविषयी एक विनंतीही करायची आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरात आडकाठी नव्हती. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवी घेतलेल्या मराठी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे कृष्णाजी मोडक या वकिलांशी त्यांचा विवाह झाला आणि त्या अमरावतीस गेल्या. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. पदरी लहान मुलगी, समाजाची नजर कडवी आणि पोटापाण्याची जबाबदारी एकटीवर. अशा वेळी त्यांनी राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद स्वीकारले.

याच सुमारास त्यांच्या कानावर भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेचे नाव आले. तिथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. मॉन्टेसरीबाईंची पुस्तके वाचून ते बालशिक्षणाकडे वळले होते. मुलाला मारायचे नाही, भीती दाखवायची नाही, बक्षिसाची लालूच लावायची नाही, त्याच्या हाताला आणि डोळ्याला काम द्यायचे, अशी तिथली रीत होती. छडीशिवाय शाळेची कल्पनाही करता येत नसे, त्या काळातली ही गोष्ट. ताराबाईंनी चांगल्या पगाराची, मानाची नोकरी सोडली आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. त्यांचे ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक आधी गुजरातीत निघत होते, नंतर ताराबाईंनी ते मराठीतही आणले.

मुंबईला परतल्यावर १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले आणि बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही उभे केले. बालवर्गाला प्रशिक्षित शिक्षिका लागते, हा विचारच आपल्याकडे नवा होता. लहान मुलांना सांभाळायला काय, कोणीही चालेल, अशी समजूत तेव्हा होती. आजही ती पुरती गेलेली नाही, हे मी अनुभवाने सांगते.

दादरचे काम नावारूपाला आले होते. तिथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. पण शिशुविहारात येणारी मुले शिकल्यासवरल्या घरांतली होती. खेड्यातल्या गरीब मुलाचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. मॉन्टेसरीची साधने महाग होती आणि ती खेड्याला परवडणारी नव्हती. २४ डिसेंबर १९४५ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबत होत्या अनुताई वाघ, ज्यांनी पुढे सारे आयुष्य या कामाला दिले.

बोर्डीत पहिली अडचण अशी की गरीब वस्तीतली मुले केंद्रात येतच ना. आईबाप मजुरीला गेलेले, मुले धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरीच. मग ताराबाई आणि अनुताई वस्तीत जाऊन मुलांच्या अंगणातच वर्ग भरवू लागल्या. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या हीच साधने झाली. मोजणी बियांवर शिकायची आणि रंग पानाफुलांत ओळखायचे. अंगणवाडी हा आज घराघरात माहीत असलेला शब्द या कामातून आला. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत गेले. तिथे मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात भरू लागली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवून त्यांनी विकासवाडी उभी केली. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले की थोरल्या बहिणीला शाळेत बसता येते, इतका साधा हिशोब त्यामागे होता. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे अनेक वर्षे नेले.

आता आपल्या गावाकडे येते. आपण शाळेत होतो तेव्हाची शेते आता कुठे आहेत? कुरुळी, निघोजे, महाळुंगे या पट्ट्यात कारखाने आले, चाळी आल्या, एकेका खोलीत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली कुटुंबे राहू लागली. आई आणि वडील दोघेही शिफ्टला जातात. मॉन्टेसरीबाईंची पहिली शाळाही १९०७ मध्ये रोमच्या अशाच एका गरीब कामगार वस्तीत, दिवसभर मागे राहणाऱ्या मुलांसाठी सुरू झाली होती. म्हणून मला हा इतिहास लांबचा वाटत नाही.

माझ्या वर्गात येणारे पालक पहिल्याच दिवशी विचारतात, मूल लिहायला कधी लागेल? त्यांचा दोष नाही. आजूबाजूला साडेतीन वर्षांच्या मुलांना गृहपाठ दिला जातो. पण ज्या बोटांनी अजून माती मळलेली नाही, मणी ओवलेले नाहीत, त्या बोटांत पेन्सिल धरवली की मूल रडते आणि शाळेलाच घाबरू लागते. तेच मूल वर्षभर चिंचोके मोजून, वाळूत रेघा ओढून, गोष्टी ऐकून पहिलीत गेले की लिहायला आपोआप सरसावते. वर्गात चार भाषांची मुले असतात. गाण्याला आणि खेळाला भाषेची अडचण येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

या मेळाव्यात माजी विद्यार्थी निधीतून शाळेच्या शिशुवर्गाला काय द्यायचे, यावर चर्चा होणार आहे. भिंतीवर मोठा डिजिटल फळा बसवावा, अशी एक सूचना आहे. देणाऱ्यांच्या भावनेचा मला आदर आहे. तरीही माझी विनंती आहे की आधी वाळूचा हौद, सावलीची पडवी, मुलांच्या उंचीचे नळ आणि एका शिक्षिकेच्या प्रशिक्षणाचा खर्च यांचा विचार व्हावा. आणि जागा असेल तर एक खोली पाळणाघरासाठी मिळावी, म्हणजे वस्तीतल्या थोरल्या मुली भावंडापायी घरी राहणार नाहीत. निर्णय आपण सर्वांनी मिळून घ्यायचा आहे. तो घेताना कोसबाडची टेकडी एकदा आठवावी, एवढेच.