खापरपणजोबांचा मुलूख समोर होता, पण फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष बोटीवरून उतरलाच नाही

गोष्ट आहे फेब्रुवारी १८८८ ची. मनिलाहून हाँगकाँगला निघालेली झाफिरो नावाची आगबोट वाटेत चीनच्या आमॉय बंदरात थांबली. बोटीवर २६ वर्षांचा एक डॉक्टर होता. आदल्याच वर्षी त्याची एक कादंबरी बर्लिनमध्ये छापून आली होती आणि त्या कादंबरीने स्पॅनिश सरकारची झोप उडवली होती. घरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून त्याने देश सोडला होता.

बाकीचे प्रवासी गाव बघायला खाली उतरले. हा मात्र बोटीवरच बसून राहिला. पुढे एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने कारणं दिली. तब्येत बरी नव्हती, पाऊस धो धो पडत होता आणि गाव फार घाण आहे असं कानावर आलं होतं.

या डॉक्टरचं नाव होतं होसे रिझाल. आज तो फिलिपिन्सचा राष्ट्रनायक आहे. आपल्याकडे रवींद्रनाथ टागोर जन्मले त्याच साली, म्हणजे १८६१ मध्ये त्याचाही जन्म झाला.

आणि ज्या बंदरात तो उतरला नाही तिथून शंभर किलोमीटरच्या आत एक खेडं होतं. त्याचे खापरपणजोबा त्या खेड्यातून निघून मनिलाला आले होते.

आता हे खापरपणजोबा कोण, ते बघू.

चीनच्या फुजियान प्रांतात जिनजियांग नावाचा किनारपट्टीचा भाग आहे. जमीन कमी, माणसं जास्त आणि दाराशी समुद्र. पिढ्यानपिढ्या इथले पुरुष जहाजात बसून दक्षिणेकडे जात आले. त्यात स्पॅनिश लोकांनी १५७१ मध्ये मनिलाला राजधानी केली आणि मेक्सिकोची चांदी तिथे उतरू लागली. ती चांदी घ्यायची आणि चिनी रेशीम, चिनी मातीची भांडी द्यायची, हा धंदा इतका जोरात चालला की मनिलामध्ये स्पॅनिशांपेक्षा चिनीच जास्त झाले.

स्पॅनिश लोकांना चिन्यांशिवाय करमतही नव्हतं आणि त्यांची भीतीही वाटत होती. म्हणून शहराच्या तटाबाहेर, तोफांच्या माऱ्यात येईल अशा जागी चिन्यांची वेगळी वस्ती बसवली. तिचं नाव पारियान. चिन्यांना ते सांगलेय म्हणायचे. (आपल्या सांगलीशी याचा काही संबंध नाही. फुजियानच्या बोलीतल्या, व्यापार या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडलं असं मानतात.) १६०३ मध्ये, मग १६३९ मध्ये आणि पुन्हा १६६२ मध्ये या सांगलेय लोकांच्या कत्तली झाल्या. हजारो माणसं मारली गेली. तरी दर वेळी नवी जहाजं यायची, नवी माणसं उतरायची, कारण गावाकडे पोट भरत नव्हतं.

१६८४ मध्ये चीनच्या बादशहाने समुद्रावरच्या व्यापाराची बंदी उठवली आणि हा ओघ आणखी वाढला. त्यानंतरच्या काळात शांगगुओ नावाच्या खेड्यातला एक तरुण मनिलामध्ये आलेला दिसतो. तो क्वा घराण्यातला, नाव यी-लाम.

पण मनिलामध्ये त्याला क्वा म्हणून कोणी ओळखत नव्हतं. फुजियानच्या बोलीत थोरल्या भावाला को म्हणतात आणि आपण ज्याला त्याला दादा म्हणतो तसं तिथे नावापुढे को लावतात. यी-लामचा झाला लाम-को, म्हणजे आपला लामदादा. फिलिपिन्समध्ये आजही ज्या आडनावांच्या शेवटी को येतो, त्यातली बरीच अशीच तयार झालेली आहेत. पणजोबांना लोक ज्या नावाने हाक मारायचे तेच सरकारी कागदावर उतरलं आणि खरं आडनाव मागे राहिलं.

जून १६९७ मध्ये पारियानमधल्या सान गाब्रिएल चर्चमध्ये लाम-कोचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा त्याचं वय ३५ होतं. तो दोमिंगो लाम-को झाला. यात श्रद्धा किती होती हे त्याचं त्यालाच ठाऊक, पण व्यवहार नक्कीच होता. ख्रिस्ती झालेल्या चिन्याला करात सूट मिळायची, पारियानबाहेर राहता यायचं आणि स्थानिक ख्रिस्ती मुलीशी लग्न करता यायचं. गावाहून बायका येत नव्हत्या, त्यामुळे ही शेवटची सवलत सगळ्यात मोठी होती. लाम-कोने इनेस दे ला रोसा नावाच्या मुलीशी लग्न केलं. ती एका चिनी व्यापाऱ्याची लेक होती आणि नवऱ्यापेक्षा वयाने खूपच लहान होती.

त्याला बाप्तिस्मा देणारे डोमिनिकन पंथाचे पाद्री होते. याच पंथाची मनिलाच्या दक्षिणेला बिन्यान इथे मोठी जहागीर होती. लाम-को तिथे जमीन कसायला गेला. डोमिनिकन पाद्र्यांची जमीन आणि या घराण्याचं नातं तिथून सुरू झालं. ते पुढे कामाला येणार आहे.

१७३१ मध्ये त्याला मुलगा झाला. लाम-कोने त्याला स्वतःचं नाव दिलं नाही. त्याचं नाव ठेवलं फ्रान्सिस्को मेर्कादो. स्पॅनिशमध्ये मेर्कादो म्हणजे बाजार. चिनी नाव लागलं की चिन्याचा कर लागतो आणि उद्या पुन्हा दंगल झाली तर दारावरची पाटी वाचूनच लोक घरात शिरतात. चिनी बापाने मुलाला दिलेलं हे संरक्षण होतं.

त्या काळच्या फिलिपिन्समध्ये माणूस कोण आहे हे करावरून ठरायचं. मूळ रहिवासी तो इंडिओ, त्याला सगळ्यात कमी कर. चिनी बाप आणि स्थानिक आई असेल तर मेस्तिसो, त्याला इंडिओच्या दुप्पट. चिनी असेल तर सगळ्यात जास्त. प्रत्येक वर्गाच्या वह्या वेगळ्या, पंचायती वेगळ्या. त्यामुळे रक्तात काय आहे यापेक्षा आपलं नाव कुठल्या वहीत आहे याला जास्त महत्त्व होतं.

नाव बदललं आणि घराणं वर आलं. फ्रान्सिस्को बिन्यानचा गोबेर्नादोरसियो झाला, म्हणजे आपल्याकडच्या पाटलासारखं पद. त्याचा मुलगा हुआन मेर्कादो, तोही त्याच पदावर बसला. हुआनचा मुलगा पुन्हा फ्रान्सिस्को. हा शेजारच्या कलांबा गावी गेला, तिथे डोमिनिकन पाद्र्यांची जमीन खंडाने घेऊन ऊस आणि भात लावला, दगडी घर बांधलं.

आणि तिथे घराण्याचं नाव पुन्हा बदललं. १८४९ मध्ये गव्हर्नर क्लाव्हेरियाने हुकूम काढला की सगळ्यांनी ठरलेली आडनावं घ्यायची, करवसुली सोपी झाली पाहिजे. त्यासाठी आडनावांचा एक जाडजूड कॅटलॉगच छापला. मेर्कादो घराण्याला ओळखीच्या एका अधिकाऱ्याने नवं आडनाव दिलं, रिझाल. हिरव्यागार शेताचा अर्थ असलेल्या स्पॅनिश शब्दावरून आलेलं. घरात ते कोणी फारसं वापरत नव्हतं.

होसे हा ११ भावंडांमधला सातवा. तो १८७२ मध्ये शाळेसाठी मनिलाला निघाला तेव्हा मात्र ते अडगळीतलं नाव कामाला आलं. त्याच वर्षी बुर्गोस नावाच्या फिलिपिनो पाद्र्याला स्पॅनिशांनी दोन साथीदारांसह बंडाच्या आरोपावरून जाहीर ठार केलं होतं. होसेचा थोरला भाऊ पासियानो बुर्गोसच्या जवळचा आणि तो मेर्कादो म्हणून ओळखला जायचा. धाकट्यावर बालंट नको म्हणून होसेचं नाव शाळेत रिझाल लावलं गेलं.

क्वा, लाम-को, मेर्कादो, रिझाल. पाच पिढ्यांत चार नावं! शेवटच्या नावावरून पहिल्या नावापर्यंत जायचं म्हटलं तर कोणाची बिशाद होती?

मोठा होऊन रिझालने पूर्वजांचा शोध घेतला, पण तो स्वतःच्या घराचा नव्हता. हाँगकाँगला उतरल्यावर चिनी नववर्षाचे फटाके त्याने हॉटेलच्या खिडकीतून हौसेने उडवले. पुढे जपान आणि अमेरिका करत तो लंडनला पोहोचला. तिथे ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्याने १६०९ साली छापलेला फिलिपिन्सचा एक जुना इतिहास हाताने उतरवून काढला आणि त्यावर टिपणं लिहिली. स्पॅनिश येण्याआधी आपले लोक रानटी नव्हते, हे त्याला दाखवायचं होतं. त्याला सगळ्या देशाचे पूर्वज हवे होते.

स्पॅनिश लोक इंडिओ हा शब्द हिणवायला वापरायचे. रिझाल आणि त्याच्या मित्रांनी १८८९ मध्ये पॅरिसमध्ये जो गट काढला त्याच्या नावातच तो शब्द घातला, शूर इंडिओ अशा अर्थाने. ज्या वहीत जाण्यासाठी चिनी घराणी धडपडायची, त्या वहीचं नाव त्याने अभिमानाने मिरवलं.

आणि चिनी? त्याच्या पहिल्या कादंबरीत कापितान तियागो नावाचं पात्र आहे. श्रीमंत, सत्तेपुढे वाकणारं आणि चिनी मेस्तिसोंच्या पंचायतीत बसणारं. दुसऱ्या कादंबरीतला चिनी व्यापारी किरोगा तर लाच देऊन कामं करून घेणारा. १८९२ मध्ये स्पॅनिशांनी त्याला दापितान या दूरच्या गावी हद्दपार केलं. तिथे तो दवाखाना चालवायचा, शाळा चालवायचा आणि चिनी दुकानदारांशी स्पर्धा करायला व्यापारही करायचा. एकदा चिन्यांबरोबर कज्जा झाल्यावर यापुढे चिन्याकडून काही विकत घेणार नाही, असंही त्याने घरी कळवलं. हा राष्ट्रनायक या बाबतीत आपल्या काळाच्या फार पुढे नव्हता, हे सांगायला हवं.

दरम्यान डोमिनिकन जमिनीचा हिशोबही पूर्ण झाला होता. खंडाच्या वादातून कलांबाच्या कुळांना १८९०-९१ मध्ये सैन्य आणून बाहेर काढलं गेलं. त्यात रिझालचं कुटुंबही होतं. लाम-कोला बाप्तिस्मा आणि जमीन देणाऱ्या पंथाने त्याच्या पणतवाचं घर रस्त्यावर आणलं.

१८९६ मध्ये फिलिपिन्समध्ये क्रांतीचा भडका उडाला. रिझालचा त्यात थेट हात नव्हता, तरी खटला चालवून त्याला मृत्युदंड दिला. २९ डिसेंबरला निकाल त्याच्यापुढे सहीसाठी ठेवला गेला. त्या कागदावर त्याची ओळख चिनी मेस्तिसो अशी लिहिली होती.

रिझालने त्यावर हरकत घेतली. आपण निव्वळ इंडिओ आहोत, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या लागणार आहेत आणि माणूस कागदावरची जात दुरुस्त करतोय! पण त्याच्यासाठी ती बारीकसारीक गोष्ट नव्हती. सरकार त्याला त्याच्याच लोकांपासून वेगळं काढत होतं.

३० डिसेंबरला मनिलाच्या तटाबाहेरच्या बागुंबायान मैदानात त्याला गोळ्या घातल्या. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. लाम-कोने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याचंही वय तेवढंच होतं आणि पारियानची वस्तीही त्याच तटाबाहेर होती.

मग हा सगळा वंशवृक्ष सापडला कसा?

ऑस्टिन क्रेग नावाचा एक अमेरिकी इतिहासकार मनिलाच्या विद्यापीठात शिकवायचा. त्याने चर्चची दप्तरं उपसली. बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू यांच्या नोंदी लावत तो रिझालपासून लाम-कोपर्यंत गेला आणि १९१३ मध्ये चरित्र छापलं. जुन्या नोंदींतून लाम-कोच्या आईवडिलांची नावं निघाली आणि गावाचं नावही. ते स्पॅनिश वळणाने सिओंग्के असं लिहिलेलं होतं. फुजियानच्या बोलीत शांगगुओचा उच्चार साधारण तसाच होतो.

परदेशातल्या चिन्यांच्या बाबतीत सगळा खेळ या गावाच्या नावावर असतो. आडनाव बदलतं, धर्म बदलतो, भाषा जाते. पण चीनमध्ये घराण्याची वंशावळ त्या त्या गावात ठेवलेली असते, पूर्वजांच्या देवघरात किंवा एखाद्या जाणत्या माणसाच्या घरी. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पोहोचायलाही आधी मूळ गाव माहीत असावं लागतं, तसंच हे. म्हणून आग्नेय आशियातले चिनी आपल्या थडग्यांवर मूळ गावाचं नाव कोरून ठेवायचे. या वंशावळी पुरुषांच्या बाजूनेच चालतात आणि लेकी बहुधा गळतात. पण परदेशी गेलेला मुलगा सहसा वगळत नाहीत. शांगगुओच्या क्वा घराण्याच्या वंशावळीत यी-लामचं नाव आहे.

आज जिनजियांगमध्ये रिझालच्या नावाचा चौक आहे आणि त्यात त्याचा पुतळा. स्मारकाची उंची मुद्दाम १८.६१ मीटर ठेवली आहे, त्याच्या जन्मसालावरून.

रिझाल आमॉयला बोटीवर बसून राहिला त्याला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, एप्रिल १९८८ मध्ये, फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो त्याच भागात आल्या. त्यांचं माहेरचं आडनाव कोहुआंगको. शेवटी पुन्हा तोच को. आमॉयजवळच्या होंगजियान खेड्यातून त्यांचे पणजोबा निघाले होते. अक्विनोबाई त्या खेड्यात गेल्या आणि घराण्याच्या पूर्वजांना नमस्कार करून आल्या.