व्हेस्टो स्लायफर : तेजोमेघांचा वेग मोजणारा माणूस

विश्व प्रसरण पावतंय हे तुम्ही पुस्तकात वाचलंय. तिथे नाव असतं हबल यांचं. आज मात्र ओळख करून घेऊ व्हेस्टो स्लायफर यांची.

त्यांचा जन्म 1875 चा, अमेरिकेतल्या इंडियानामधल्या शेतकरी घरात. 1901 मध्ये ते ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत नोकरीला लागले. तिथे 24 इंची दुर्बीण होती आणि तिला जोडायला ब्रॅशियर यांनी बनवलेला नवा वर्णपटलेखक. या यंत्रात ताऱ्याचा प्रकाश लोलकातून जाऊन रंगांत पसरतो आणि फोटोच्या काचेवर उमटतो. ते वापरात तरबेज व्हायलाच स्लायफर यांना वर्षभर लागलं!

पुढे लॉवेल यांनी त्यांना सर्पिल तेजोमेघांचे वर्णपट घ्यायला सांगितलं. अडचण अशी, की तेजोमेघ फारच अंधुक. मग मोठी दुर्बीण हवी? नाही. स्लायफर यांच्या लक्षात आलं, की पसरट, अंधुक वस्तूसाठी महत्त्वाचा असतो तो यंत्रातला कॅमेरा. त्यांनी तीन लोलकांऐवजी एकच ठेवला, म्हणजे प्रकाश कमी पसरला, आणि कॅमेऱ्याला कमी नाभीय अंतराचं, जास्त प्रकाश गोळा करणारं भिंग बसवलं. तोटा एवढाच, की वर्णपट इवलासा आला. तो सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, डोळ्यांचं काम बघा!

17 सप्टेंबर 1912 च्या रात्री देवयानी तेजोमेघाची पहिली काच पावणेसात तासांहून जास्त वेळ उघडी राहिली. डिसेंबरअखेरीस तर एकच काच सलग तीन रात्री वापरली. थंडीत, दुर्बीण तेजोमेघावर रोखून ठेवत, बरं का! काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या निघाल्या. म्हणजे काय, तर देवयानी सेकंदाला 300 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतेय. इतका वेग तोवर कोणी मोजलाच नव्हता.

1914 मध्ये त्यांनी 15 तेजोमेघांचे वेग सांगितले, तेव्हा सभा उठून टाळ्या वाजवत राहिली. 1917 पर्यंत 25 झाले, त्यातले 21 दूर जाणारे.

1929 मध्ये हबल यांनी अंतर आणि वेग यांचा संबंध मांडला. वेग बहुतेक स्लायफर यांचे होते, पण लेखात श्रेय नव्हतं. मला हे खटकतं. 1953 मध्ये हबल यांनी पत्र लिहून ते ऋण मान्य केलं. स्लायफर तेव्हा 77 वर्षांचे होते.