उसाचा धनी, कारखान्याचाही धनी : पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील



साखर कारखान्याचा मालक कोण, असं वर्गात विचारलं की बरीच मुलं कुणातरी मोठ्या शेठचं नाव घेतात. ऊस पिकवणारा शेतकरीसुद्धा मालक असू शकतो, हे ज्यांनी करून दाखवलं त्यांची ही ओळख.

विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचा जन्म आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणी बुद्रुक येथे नारळी पौर्णिमेला, शेतकरी कुटुंबात झाला. शाळा जेमतेम प्राथमिक, पण गावाचं दुखणं त्यांना नेमकं कळलं होतं. शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडालेला होता. म्हणून १९२३ मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी उभी केली.

भंडारदरा धरणाच्या कालव्यांमुळे प्रवरा खोऱ्यात ऊस वाढला, तरी शेतकऱ्याचा हात रिकामाच. कारण काय? तोडलेला ऊस ठेवून चालत नाही. तो वाळतो, वजन आणि साखर दोन्ही घटतात. त्यामुळे भाव घेणारा ठरवायचा. गुऱ्हाळ लावून गूळ केला आणि बाजार पडला, तर खर्चही निघायचा नाही.

यावर विठ्ठलरावांचा उपाय होता शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना. पण पैसा आणायचा कुठून? ते गावोगाव फिरले, एकेकाला समजावून भागभांडवल गोळा केलं. आधीच कर्जात असलेल्या माणसाने न पाहिलेल्या कारखान्यासाठी पैसे द्यायचे, हे सोपं नव्हतं. लोकांनी पैसे दिले ते विठ्ठलरावांवरच्या विश्वासाने. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि मुंबई प्रांताचे मंत्री वैकुंठभाई मेहता यांची साथ मिळाली. १९५० च्या अखेरीस महाराष्ट्रातील या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. विशेष म्हणजे अध्यक्षपद त्यांनी गाडगीळांना दिलं आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. श्रेयापेक्षा काम मोठं मानलं.

१९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९६४ मध्ये प्रवरानगरला निवासी शाळा सुरू झाली. स्वतःला फार शिकता आलं नाही, पण शेतकऱ्यांची मुलं शिकावीत ही त्यांची तळमळ होती. २७ एप्रिल १९८० रोजी त्यांचं निधन झालं.

आज काही कारखान्यांत उसाचे पैसे थकतात, तेव्हा हा धडा जास्तच आठवतो. सभासदाने हिशेब विचारला तरच तो खरा मालक.

उपक्रम : ऊस ते साखर हा प्रवास मुलांकडून चित्रांत काढून घ्या. मळी आणि चिपाडापासून काय बनतं, हेही त्यांना घरी विचारून यायला सांगा.