निजाम-उल्-मुल्क : एका किताबाची कहाणी

मराठवाड्यात 'निजाम' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. परंतु पुष्कळांना ते एका घराण्याचे नाव वाटते, तर काहीजण अहमदनगरच्या निजामशाहीशी त्याची गल्लत करतात. वस्तुतः हा एका मोगल सरदाराला मिळालेला किताब होता. राज्याची व्यवस्था पाहणारा, हा त्याचा अर्थ. तो मिळविणाऱ्या पुरुषाचे नाव मीर कमरुद्दीन.

त्याचा जन्म 1671 चा. आजोबा ख्वाजा आबिद हे 1687 साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात कामी आले; वडील गाझीउद्दीन खान फिरोजजंग हेही औरंगजेबाचे नामांकित सेनापती. कमरुद्दीनाला औरंगजेबाने चिनकिलिचखान हा किताब दिला. पुढे 1713 साली फर्रुखसियर बादशहाने त्याला निजाम-उल्-मुल्क केले आणि दख्खनची सुभेदारी सोपविली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंडमध्ये त्या काळी उमरावाची पदवी एकदा सनदेने दिली, की ती बहुधा थोरल्या मुलाकडे आपोआप जात असे. मोगलांकडे तसे नव्हते. मनसब, जहागीर, किताब ही सारी बादशहाची मेहेरबानी. माणूस गेला, की ती बादशहाकडे परत जात. बापाची सुभेदारी मुलाला मिळावी असा कायदाच नव्हता.

दिल्लीचा दरबार मात्र दुबळा होत चालला होता. निजाम 1722 साली वजीर झाला, पण कारस्थानांना कंटाळून दख्खनेत परतला. त्याला अडविण्यास आलेला मुबारिजखान 1724 साली साखरखेर्ड्याच्या लढाईत मारला गेला. बादशहा महंमदशहाने झाले ते मान्य केले आणि 1725 साली 'आसफजाह' हा किताब पाठविला. आसफ म्हणजे सुलेमान राजाचा प्रख्यात वजीर. किताब वजिराचा, पण सत्ता राजाची! तरीही निजामाने स्वतःला कधी राजा म्हणविले नाही. खुत्बा आणि नाणी बादशहाच्याच नावाने चालू राहिली.

या सत्तेला आव्हान दिले ते मराठ्यांनी. 1728 साली वैजापूरजवळ पालखेड येथे थोरल्या बाजीरावाने त्याचे पाणी आणि रसद तोडली. मुंगी-शेवगावच्या तहाने निजामाला चौथाई व सरदेशमुखी मान्य करावी लागली.

1741 साली मात्र वेगळाच प्रसंग ओढवला. मुलगा नासिरजंग बापाविरुद्ध उठला आणि औरंगाबादजवळ पितापुत्रांत लढाई झाली. निजाम जिंकला, आणि पुढे त्याने मुलाला क्षमाही केली. पण जे कायद्याने वारसाहक्काचे नव्हते, त्यावर वारस हक्क सांगू लागले होते.

1 जून 1748 रोजी बऱ्हाणपूर येथे निजामाचे निधन झाले. खुलदाबादेस बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात त्याचे दफन झाले. गादीचा तंटा लगेच पेटला. नासिरजंग 1750 साली मारला गेला, नातू मुजफ्फरजंग 1751 साली. सलाबतजंगाला 1762 साली भाऊ निजामअलीने पदच्युत केले. गंमत अशी, की मधल्या तिघांची गणना आसफजाहांत होत नाही. दुसरा आसफजाह म्हणजे निजामअली. त्यानेच राजधानी औरंगाबादहून हैदराबादला नेली.

पुढे इंग्रजांनीही या घराण्याच्या नावामागे बिरुदे जोडली. 1918 साली सातवा निजाम मीर उस्मानअली 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' झाला. परंतु 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे दोन्ही संपले.

मीर कमरुद्दीनाने किताब मिळविला तो पराक्रमाने आणि मुत्सद्देगिरीने. वंशजांना तो मिळाला जन्माने. एका नोकराचा हुद्दा घराण्याची मिरास झाला, आणि ज्या प्रजेच्या व्यवस्थेसाठी तो निर्माण झाला होता, तिला विचारण्याची गरज सव्वादोनशे वर्षे कोणाला भासली नाही. शेवटी त्या प्रजेनेच लढा देऊन उत्तर दिले. निजामाचे चरित्र वाचताना त्याची कर्तबगारी नाकारण्याचे कारण नाही. पण कर्तबगारी वारशाने देता येत नाही, हाही धडा त्याच चरित्रात आहे.