एका हाताचा मेजर आणि पाण्याचा हिशेब

थंडीत एखाद्या रविवारी सहस्रकुंडला जायचं, काठावर शेकोटी पेटवून हुरडा भाजायचा आणि ऊन उतरेपर्यंत गप्पा मारायच्या, ही आमच्या मित्रमंडळींची जुनी रीत. यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा इथे काळ्या कातळावरून खाली उडी घेते. पावसाळ्यात जवळ उभं राहवत नाही असा तिचा आवाज असतो. पण पौषात धार बारीक होते आणि पाण्याने दगड कसकसा खाल्ला आहे ते नीट दिसतं. त्या रांजणखळग्यांकडे पाहताना मला दरवर्षी एका माणसाची आठवण येते. तो कधी हिंदुस्थानात आला नाही. त्याची नदी आपल्यापासून अर्ध्या पृथ्वीवर. पण त्याने मांडलेला प्रश्न मात्र आपल्या शिवारातला आहे.

त्याचं नाव जॉन वेस्ली पॉवेल. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीने वाळवंटात कोरलेली ग्रँड कॅन्यन ही प्रचंड घळ होडीतून पार करणाऱ्या पहिल्या तुकडीचा तो नायक. आज तिथे मित्रांचे गट भर हिवाळ्यातही रबरी तराफे घेऊन उतरतात, तीन-तीन आठवडे पाण्यावर राहतात. घळ इतकी खोल, की हिवाळ्यात काही ठिकाणी सूर्य जेमतेम डोकावून जातो. पण त्यांच्या हाती नकाशा असतो, पुढचा खळाळ किती मोठा ते ठाऊक असतं. पॉवेल गेला तेव्हा नकाशात त्या जागी कोरा कागद होता.

त्याचा जन्म २४ मार्च १८३४ चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील इंग्लंडहून आलेले मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. पुढे कुटुंब ओहायोत राहायला गेलं. तिथल्या गावाला वडिलांची मतं पसंत नव्हती आणि त्याचा राग पोरावर निघे. शाळेत त्याच्यावर दगड पडू लागले, तेव्हा शेजारच्या एका वयस्क, अभ्यासू शेतकऱ्याने त्याला आपल्याकडे शिकवायला घेतलं. दगड, वनस्पती, शिंपले गोळा करण्याचा नाद तिथला. मुलाने धर्मोपदेशक व्हावं ही वडिलांची इच्छा होती. मुलगा मात्र होडी घेऊन नद्यांवर भटकू लागला. १८५६ मध्ये मिसिसिपी, पुढच्या वर्षी ओहायो, त्याच्या पुढच्या वर्षी इलिनॉय. पोटासाठी शाळामास्तरकी चालू होतीच.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि तो उत्तरेच्या सैन्यात भरती झाला. त्याच वर्षी त्याने आपल्या मामेबहिणीशी, एमा डीनशी, लग्न केलं. ६ एप्रिल १८६२ रोजी शायलोच्या लढाईत त्याच्या उजव्या हाताला गोळी लागली आणि हात कोपराखाली कापावा लागला. एमाने त्याची शुश्रूषा केली. बरा झाल्यावर हा गृहस्थ पुन्हा लढायला गेला आणि मेजर होऊनच परतला. त्या तुटलेल्या हाताची कळ त्याला जन्मभर सोबत करणार होती.

युद्धानंतर तो इलिनॉयमध्ये भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला. सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन डोंगर पालथे घालायचे, असा त्याचा क्रम. १८६८-६९ चा हिवाळा त्याने आणि एमाने कोलोरॅडोच्या पहाडात व्हाइट नदीकाठी तळ ठोकून काढला. शेजारी यूट आदिवासींची वस्ती होती. पॉवेल त्यांची भाषा शिकला, त्यांच्या कहाण्या ऐकल्या. नदीच्या प्रवासाचे बेत त्या थंडीत पक्के झाले.

२४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर स्टेशनवरून चार होड्या सुटल्या. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रेल्वे त्याच महिन्यात जोडली गेली होती आणि शिकागोत बांधलेल्या होड्या त्याच रेल्वेने आल्या होत्या. माणसं दहा: शिकारी, माजी सैनिक, पॉवेलचा भाऊ आणि दर्यावर्दी अनुभव जवळपास कुणाचाच नाही! शिधा दहा महिन्यांचा. पुढच्या हलक्या होडीचं नाव पॉवेलने बायकोच्या नावावरून ‘एमा डीन’ ठेवलं होतं.

दोन आठवडे होऊन गेले नाहीत तोच, जेमतेम पंधरवड्यातच, एक होडी खडकावर आपटून फुटली. माणसं वाचली, पण शिध्याचा मोठा वाटा गेला. पुढे एकाने मोहीम सोडली. उरलेला शिधाही रोज भिजत होता. पिठाला बुरशी चढली, मांस नासलं आणि शेवटी भाकरी, कॉफी आणि सुकी सफरचंदं एवढ्यावर दिवस निघू लागले. मोठा खळाळ आला, की होड्या दोरांनी काठाकाठाने सोडायच्या किंवा सामान खांद्यावर वाहून न्यायचं. तशातही पॉवेल उंची मोजायला कडे चढत असे. एकदा एका हाताने कपारीला लटकला, ना वर जाता येई ना खाली. वर पोचलेल्या ब्रॅडली नावाच्या सोबत्याजवळ दोर नव्हता, हाताशी फांदी नव्हती. त्याने आपला लांब चड्डा काढून खाली सोडला आणि मेजरसाहेबांनी कपार सोडून तो पकडला! इतिहास घडतो तेव्हा असंही काही घडत असतं.

इकडे बाहेरच्या जगात एका भामट्याने सगळे बुडाले, आपण एकटेच वाचलो, अशी बातमी पसरवली. वर्तमानपत्रांनी ती छापली. एमाने त्याच्या सांगण्यातल्या विसंगती दाखवून दिल्या आणि नवरा जिवंत आहे यावर ती ठाम राहिली.

ऑगस्टमध्ये तुकडी मुख्य घळीत शिरली. दोन्ही बाजूंना हजारो फूट उंच भिंती, वर आभाळाची पट्टी. २७ ऑगस्टला असा एक खळाळ समोर आला, की पाहूनच धीर सुटावा. पीठ पाचएक दिवसांचं उरलेलं. त्या रात्री तिघांनी ठरवलं, की आपण कडा चढून बाहेर पडायचं. पॉवेल रात्रभर वाळूत येरझारा घालत राहिला. सकाळी भांडण न करता माणसं वेगळी झाली. प्रत्येक बाजूला वाटत होतं, की दुसरे मरणाकडे चालले आहेत. सहा जण दोन होड्यांतून तो खळाळ सुखरूप उतरले. खाली थांबून त्यांनी बंदुकीचे बार काढले, पण वरचे तिघे आले नाहीत. ३० ऑगस्टला, म्हणजे अवघ्या दोन दिवसांनी, व्हर्जिन नदीच्या मुखाशी मासे पकडणारी माणसं भेटली. घळ संपली होती! चढून गेलेले तिघे मात्र पठारावर मारले गेले. कोणी मारलं, याचा वाद अजून मिटलेला नाही.

पॉवेल एका रात्रीत देशाचा नायक झाला. त्याच्या दोषांवर पांघरूण घालायचं कारण नाही. १८७१-७२ मध्ये त्याने दुसरी मोहीम काढली. पण १८७५ मध्ये पुस्तक लिहिताना दोन्ही मोहिमांचे प्रसंग एकत्र केले आणि दुसऱ्या खेपेच्या सोबत्यांची नावंसुद्धा घेतली नाहीत. ज्यांनी वल्ही मारली, त्यांना ते जन्मभर लागलं.

पण माझ्या मते त्याचं खरं धाडस नदीतलं नाही, सरकारदरबारातलं आहे. त्या काळी पश्चिमेच्या कोरड्या मुलखात प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन मिळत असे. शेत नांगरलं की पाऊस आपोआप येतो, अशी समजूत मोठमोठी माणसं पसरवत होती. १८७८ मध्ये पॉवेलने अहवाल दिला: जिथे वर्षाला २० इंचांहून कमी पाऊस पडतो, तिथे सिंचनाशिवाय शेतीचा भरवसा नाही, आणि पाणी आहे ते थोड्याच जमिनीला पुरेल. नकाशावर पट्टीने आखलेल्या सीमा सोडा, पाणलोटाप्रमाणे वस्त्यांची रचना करा आणि पाण्याचा कारभार तिथल्या शेतकऱ्यांच्या हाती द्या, असं त्याचं म्हणणं. १८८१ पासून तो भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा प्रमुख होता. पाण्याची मोजणी होईपर्यंत जमीनवाटप थांबलं, तेव्हा राजकारणी खवळले आणि १८९० मध्ये त्याच्या सिंचन सर्वेक्षणाचा पैसा तोडला. १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत त्याने उभं राहून सांगितलं, की एवढ्या जमिनीला पुरेल इतकं पाणीच नाही. सभेने त्याची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी त्याने पद सोडलं. २३ सप्टेंबर १९०२ रोजी तो वारला.

१९२२ मध्ये सात राज्यांनी कोलोरॅडोचं पाणी वाटून घेतलं, तेही चांगल्या पावसाच्या वर्षांचे आकडे धरून. १९६३ मध्ये घळीच्या वरच्या अंगाला धरण झालं, जलाशयाला पॉवेलचं नाव दिलं. २०२२-२३ मध्ये तो जलाशय पाव हिश्शाच्याही खाली गेला. ज्याची हुर्यो उडवली, त्याच्याच नावाच्या पाण्याने त्याचा हिशेब खरा करून दाखवला.

आपल्याकडे पाऊस त्या वाळवंटाच्या कितीतरी पट पडतो. पाणलोट हा शब्द आपल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. पुसदचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना १९९२ मध्ये राज्यात जलसंधारणाचं स्वतंत्र खातं उभं राहिलं. तरीही कोरडवाहू कापसाच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्या या जिल्ह्याने काय सोसलं, ते इथल्या घराघराला माहीत आहे. माझ्या ओळखीच्या दोन गावांत एकच नाला वाहतो. वरचं गाव एका तालुक्यात, खालचं दुसऱ्या. बंधारा कुठे घालायचा यावर कित्येक वर्षं बैठका होतात, आणि नाला दर पावसाळ्यात दोन्ही गावांची माती घेऊन पैनगंगेला मिळतो.

गेल्या खेपेला शेकोटीपाशी मी ही गोष्ट सांगितली. आमच्यातला एक जण त्या वरच्या गावचा आहे. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने विचारलं, की खालच्या गावातलं कोणी ओळखीचं आहे का, एकदा नाल्याच्या उगमापासून सगळे मिळून चालत येऊ. पुढच्या रविवारी हुरडा तिकडेच भाजायचं ठरलं आहे.